तिरप्या अक्षरातला नमुना

ये वं पोरी, जवळ ये. अशी उंबऱ्यातून डोकावल्यासारखी वाचू नको, नीट बूड टेकून बस. दोन दिवाळ्या झाल्या, तुझं तोंड मी फोनच्या काचेतच पाहते आहे, आणि त्यातही तू अर्धी. कपाळ दिसतं तर हनुवटी दिसत नाही. वहिनीला लिंक पाठवायला तुला वेळ आहे, मावशीकडे यायला नाही. त्या लिंकपायी इथं काय काय झालं ते परवा फोनवर सांगायला गेले, तर तू नुसतं हं हं करत दुसरंच काही लिहीत होतीस. ती टकटक ऐकू येते मला, अजून बहिरी झालेली नाही. म्हणून कागदावरच उतरवते. तुझ्याच ऑफिसची गोष्ट आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

आधीच सांगून ठेवते, मी यात कुणाचं नाव घालणार नाही. सोनाळ्याच्या बाजारात सगळ्यांना सगळे भेटतात, आणि वांगी घ्यायला माझ्याच पोराकडे येतात. उद्या कुणी तोंड फिरवलं तर वांगी कुणाच्या गळ्यात घालू? आणखी एक. लिहिताना मी शुद्ध लिहिते. शाळा चौथीत सुटली, पण हाताला लागेल ते वाचत गेले, त्यातून ते आलं. माणसं बोलतात तिथं मात्र मले-तुले येणारच. तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना हसू आलं तर हसू दे बिचाऱ्यांना.

तर तुझी वहिनी. माझी सून म्हणून कौतुक नाही करत, पण शेजारच्या गावच्या शाळेत ती चित्रकला शिकवते तशी कुणी शिकवत नसेल. तिच्या तासाला पोरांसमोर खरं वांगं असतं. "आधी देठ पाहा, मग वांगं पाहा," असं सांगते. देठाचे काटे मोजून काढायला लावते. तुझा दादा कुरकुरतो, की बाजारात न्यायची चांगली वांगी ही शाळेत नेते आणि किडकी माझ्या पाटीत ठेवते. ती म्हणते, "किडक्याचंही काढतो आम्ही, पण ते पुढच्या वर्गात." अशी आहे ती. बोलते कमी, पण हातात खडू आला की तिचं सगळं अंग बोलतं.

त्या शाळेचे एक अध्यक्षसाहेब आहेत. संस्था त्यांची, इमारत त्यांची, आणि कार्यक्रम कुणाचाही असो, भाषण त्यांचंच. त्यांनी शाळेला प्रोजेक्टर आणला. आणला म्हणजे काय, वाजतगाजत आणला, नारळ फोडला, त्याच्या काचेला कुंकू लावलं. पुढे कितीतरी दिवस भिंतीवर पडणाऱ्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात लाल डाग दिसायचा. आता प्रोजेक्टर आला, पण त्यातून दाखवायचं काय? त्याच सुमारास तू वहिनीला तुझ्या ऑफिसच्या त्या चित्रसंग्रहाची लिंक पाठवलीस. जगभरातली चित्रं, मूर्ती, नक्षी, सगळं एका ठिकाणी, शिक्षकांनी हवं ते उचलावं आणि वर्गात दाखवावं. फार चांगली गोष्ट. वहिनीनं भोळेपणानं ती हेडसरांना दाखवली, हेडसरांनी घाबरत घाबरत साहेबांना दाखवली. (हेडसर सगळंच घाबरत करतात. घंटासुद्धा साहेबांना विचारून वाजवतात की काय अशी शंका येते.)

साहेबांनी पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "म्हनजे सगळी चित्रं या पेटीत तयार हायेत?"

"हो साहेब."

"मंग पोरांले काढाले काऊन लावता? तयार असल्यावर काढाचं कायले? बटन दाबा, दाखवा, झालं. दिवाळीनंतर चित्रकलेचा तास बंद करा. बटन दाबाले मास्तरीन लागत नाही."

झालं. ज्या पेटीनं वहिनीचा हात भारी व्हायचा, तिनंच वहिनीचा तास खायला घेतला. हेडसरांना याचं मात्र वाईट वाटलं, आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा साहेबांपुढं तोंड उघडलं. म्हणाले, एकदा बाईंचा पाठ पालकांपुढं होऊ द्या, याच पेटीतून घेतील, मग ठरवा. साहेब म्हणाले, ठीक आहे, पालकांसमोर होऊ द्या. आणि पहिलं चित्र माझं पाहिजे.

आता तू म्हणशील, मग घ्यायचा पाठ, त्यात काय. बाई, तुझी पेटी एकदा तू आमच्या गावात बसून उघडून पाहा.

संध्याकाळी स्वयंपाक उरकला की वहिनी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसायची. मी चष्मा पुसून शेजारी, आणि माझी चुलत जाऊ भिंतीला टेकून, कारण तिच्या घरचा टीव्ही बिघडला होता. पाठाचा विषय वहिनीनं ठरवला, आपल्याकडची मातीची कला. भाद्रपदाची पुनव जवळ आलेली, पोरी आता भुलाबाई मांडणार. ते तुला काय सांगायचं; भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या जोडीपुढं रोज गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. तू तर डब्याचा वास घेऊन ओळखायचीस, आणि बाकीच्या पोरी तुझ्याशी भांडायच्या.

वहिनीनं पेटीत लिहिलं, भुलाबाई. पेटी जरा गरगरली, आणि चित्र आलं. काळ्या कोटातले पाचपन्नास लोक गोल बसलेले, मधे टेबलावर एक माणूस आडवा, एकजण त्याच्या नाकावर फडकं धरून उभा.

"आई, हे काय आलं?"

मी म्हटलं, "बरोबर हाय की. तू भूल मांगतली, त्यानं भूल देल्ली."

मग खानदेशाकडचं नाव टाकून पाहिलं, गुलाबाई. तर गुलाब आले. फुलदाणीतले गुलाब, टोपलीतले गुलाब, एका राणीच्या हातातला गुलाब. भुलोजी टाकलं तर पेटी म्हणाली, तुम्हाला 'भूगोल' म्हणायचे आहे काय? मग वहिनीनं विषय थोडा बदलून 'बैल' टाकलं, म्हटलं पोळ्याचे मातीचे बैल तरी असतील. एक माणूस आला, अंगाला चिकटलेली चकचकीत चड्डी, हातात लाल फडकं, आणि समोरच्या बैलाच्या पाठीत भाले खुपसलेले. तुझा दादा जेवून हात धुऊन येत होता, तो थबकला.

"हा कोन्या गावचा पोळा वं?"

वहिनीनं गुमान पुढचं चित्र घेतलं.

हसण्यावारी नेते आहे मी, पण खरं सांगू, त्या पेटीत चांगलंही फार होतं. एक चित्र आलं, त्यात एक म्हातारी खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होती. कुठली परदेशातली, डोक्याला टापर बांधलेलं. पण उजेड तिच्या बोटांवर असा पडला होता, आणि काढणाऱ्यानं तिच्या नखातली मातीसुद्धा काढली होती. नखातली माती गं. मी माझे हात पाहिले, जावेनं तिचे पाहिले. वहिनीनं चित्र मोठं करून बोटांपाशी नेलं. खाली लिहिलेलं, चित्रकार: अज्ञात.

जाऊ म्हणाली, "हा अज्ञात लई काम करते बाई. मघाच्या मडक्यावरही हाच होता, त्या गालिच्यावरही हाच."

मी म्हटलं, "अवं, अज्ञात म्हनजे नाव मालूम नाही."

"एवढं काम केलं अन् नाव नाही इचारलं कोनी?"

 याचं उत्तर तुला येत असेल तर येशील तेव्हा दे.

आता मूळ घोळाकडे येते. त्या म्हातारीच्या बोटांवरून, शेंगांवरून, खिडकीवरून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत राखाडी रंगात तिरपं लिहिलेलं होतं: नमुना. मडक्यावर नमुना, गालिच्यावर नमुना, भाले लागलेल्या बैलावरही नमुना. तुला फोन केला तेव्हा तू सांगितलंस, मावशी, ते फुकटचं खातं आहे म्हणून तसं येतं. कुणी चित्र चोरू नये म्हणून लिहितात. शाळेनं वर्गणी भरली की जातं. हेडसरांनी साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "चित्र दिसते ना? मंग अक्षरामागून पाहा."

मग पोरं अक्षरामागून पाहू लागली. वहिनीनं सरावासाठी वर्गात एका राजाचं चित्र दाखवलं, घोड्यावर बसलेला, आणि म्हणाली, उद्या घरून काढून आणा, दिसतं तसं काढा. पोरं गुणी. दिसलं तसं काढलं. प्रत्येक राजाच्या अंगावरून तिरपं नमुना. एकानं पट्टीनं रेघा आखून, एकीनं झगमगीचे रंग भरून. एकानं नुमना लिहिलं. आणि एक पोरगं तर इतकं मन लावून काम करणारं, की त्यानं आधी नमुना काढला, तो एवढा मोठा झाला की राजाला जागाच उरली नाही. कोपऱ्यात घोड्याची शेपटी तेवढी काढली.

वहिनी वह्या घरी घेऊन आली आणि हसत हसत रडली. म्हणाली, "आई, मीच सांगितलं होतं, दिसते तसं काढा."

हेडसरांचाही एक किस्सा राहिलाच. पाठाच्या आधी एकदा साहेब अचानक वर्गात आले. हेडसरांनी उत्साहात बटण दाबलं, आणि पेटीनं एक देवी दाखवली. परदेशातली देवी, शिंपल्यात उभी, अंगावर चिंधी नाही. नमुना ही तीन अक्षरं होती, पण तीही नको तिथून गेलेली. हेडसरांना काही सुचेना. ते धावत जाऊन भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले, की पोरांना दिसू नये. प्रोजेक्टरपुढं माणूस उभा राहिला तर काय होतं ते तुला माहीत आहे. देवी भिंतीवरून हेडसरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आली. पोरं खाली मान घालून खिदळत होती. साहेबांनी थंडपणानं विचारलं, "सर, हे कोन्त्या इयत्तेचं हाय?"

हेडसर म्हणाले, "इतिहास, साहेब."

पाठाचा दिवस आला. वहिनी रात्रीच सगळी मांडणी करून तयार होती. वर्गातल्या पोरींनी आठ दिवस खपून काळ्या मातीची भुलाबाई केली होती, मांडीवर बाळ असलेली, शेजारी भुलोजी पागोटं बांधून. पेटीत आपली भुलाबाई नाही ना, मग आपणच पाठवू, म्हणून वहिनीनं तिचा फोटो काढून तुझ्या पेटीत चढवला होता, पोरींची नावं लिहून. तो तिनं सगळ्यात शेवटी ठेवला. आणि खरी मूर्ती वर्गातल्या टेबलावर ओढणीनं झाकून ठेवली. तिचा बेत मला माहीत होता: जगातली मातीकामं दाखवत दाखवत शेवटी आपल्या भुलाबाईशी यायचं, मग खाऊ ओळखतात तसं पोरांना ओळखायला लावायचं, ओढणीखाली काय आहे, आणि ओढणी काढून सगळ्यांच्या हातात माती द्यायची. पालकांच्यासुद्धा. बटण दाबून जे होत नाही ते दाखवायचं. तिच्या तासाचा सगळा भरवसा त्या ओढणीखाली होता.

साहेबांचा फोटो पहिला. पांढरे कपडे, हनुवटीखाली हात, विचार करतानाचा. कशाचा विचार ते फोटोत येत नाही. वहिनीनं घरी तो पेटीत चढवला तेव्हा स्वच्छ दिसत होता; पेटी ते अक्षर मागाहून उमटवते हे तेव्हा माहीत नव्हतं. आमचाच फोटो आहे, त्यावर पेटी कशाला लिहील, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

हॉल भरला. पालक सतरंजीवर, मला गुडघ्यांमुळे पुढं खुर्ची, जाऊ माझ्या पायाशी. साहेब सोफ्यावर. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. वहिनीनं बटण दाबलं, आणि साहेब भिंतीवर आले, हत्तीएवढे. त्यांच्या डाव्या कानापासून निघून, नाकावरून, पोटापर्यंत, तिरपं, ठसठशीत:

नमुना.

 मग मागून, अंधारातून, एक शांत आवाज आला:

"हे तर आमाले आधीच मालूम होतं."

आणि बाई, हॉल फुटला. बायका पदर तोंडात कोंबून हलत होत्या. जाऊ माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून थरथरत होती. वहिनी पुढचं बटण दाबत होती, दाबत होती, आणि ते मेलं यंत्र अडकून बसलं. साहेब भिंतीवर विचार करत होते, साहेब सोफ्यावर विचार करत होते, आणि दोघांच्या मधे वहिनी, हातात बटण, चेहरा पांढराफटक. हसता हसता मी तोंडातला पदर काढला. तास गेला, असं मनात आलं. दिवाळीपर्यंतही थांबणार नाहीत, आजच गेला.

साहेब उठले. हसू थांबलं. "सर," ते हेडसरांना म्हणाले, "हे काय लिवलं?"

हेडसरांच्या कपाळावर घाम. "साहेब, नमुना म्हणजे... आदर्श, साहेब. आपण नमुना पाठ म्हणतो, नमुना शेती म्हणतो. तसं."

"मंग हे हासून काऊन राह्यले?"

"आनंदानं, साहेब."

साहेबांनी हॉलकडे पाहिलं. आनंदी माणसं जमिनीकडे पाहत होती. मग त्यांची नजर माझ्यावर आली. मी म्हातारी, पुढं बसलेली, आणि मला पुस्तकं वाचायचा नाद आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक.

"आजी, तुमी सांगा. तुमी पुस्तकं वाचता. आपल्या मराठीत नमुना कोनाले म्हनतात?"

आता काय सांगू? खोटं बोलायला गेले की माझा चेहराच आधी बोलतो. आणि खरं बोलले तर सुनेचा तास मी माझ्या हातानं पुसला असता. वहिनी माझ्याकडे पाहत होती. मी खुर्चीत जरा सरळ झाले आणि म्हटलं:

"साहेब, नमुना असातसा कोनालेही म्हणत नाहीत. ज्याच्यासारखा दुसरा नाही, त्यालेच म्हणतात."

"दुसरा नाही?"

"पुऱ्या तालुक्यात नाही," जाऊ म्हणाली. मान खाली घालून, इतक्या गंभीरपणे, की मीसुद्धा क्षणभर फसले.

साहेब सावकाश खाली बसले. चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला, प्रोजेक्टरचा नव्हे, आतला. "बाई," ते वहिनीला म्हणाले, "घाई करू नका. राहू द्या थोडा वेळ ते चित्र."

राहू दिलं. मग यंत्र सुटलं, आणि पाठ पुढं सरकला. वहिनी चांगलं बोलली. कुठल्या कुठल्या देशातली मडकी, मातीचे हत्ती, देवी. पण कुणाचं लक्ष नव्हतं. पालक अजून आतल्या आत हसत होते, आणि साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते. शेवटी पोरींची भुलाबाई आली. मोठी, सुंदर, काळ्या मातीची. तिच्या कपाळावरून बाळाच्या डोक्यापर्यंत तिरपं नमुना. खाली, कलाकार: अज्ञात.

पुढच्या रांगेतली एक पोरगी उठून उभी राहिली. "मॅडम, अज्ञात काऊन? हे तर आमी केली. नावं देल्ली होती आपन."

वहिनीनं तिला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण साहेब आधीच माईकपाशी पोचले होते. चादरी निघाल्या, उजेड झाला, भाषण सुरू झालं. टेबलावरची ओढणी तशीच झाकलेली राहिली.

भाषण मी पूर्ण सांगत नाही, तुझं आयुष्य लहान आहे. त्याचा अर्क एवढा: आपली शाळा नमुना शाळा झाली पाहिजे. नमुना हा शब्द रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसला पाहिजे. आवारभिंतीवर, रंगानं, हातानं, मोठ्या अक्षरांत, आणि शेजारी अध्यक्षांचं चित्र. फ्लेक्स नको, फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो.

"पन काढेल कोन, साहेब?" हेडसरांनी हळूच विचारलं.

"बाई काढतील. पोरांले शिकवून काढतील. त्याच्यासाठीच तर ठेवल्या ना बाई."

"म्हणजे, साहेब, तास..."

"तास चालू राहू द्या. भिंत लई लांब हाय."

असा राहिला बघ तुझ्या वहिनीचा तास. घरी आल्यावर मी म्हटलं, चला, गोड करू काहीतरी. ती ओट्यावर बसली, मांडीवर ती झाकलेली मूर्ती, शाळेतून तशीच आणलेली. म्हणाली, "आई, तास राह्यला, पण पाठ कोनी पाह्यलाच नाही. माझं शिकवणं पाहून नाही राह्यला. एका शब्दावर राह्यला."

 शब्द माझाच होता. मी तिच्यापुढं चहा ठेवला आणि ओढणी काढली. जाऊ आली होती, ती त्या मूर्तीकडे पाहत राहिली, आणि मग भुलाबाईच्या नखाला बोट लावून म्हणाली, "हिच्याही नखात माती हाय." पोरींनी मातीची नखं मातीनंच केली होती, दुसरं काय असणार त्यात. पण वहिनी हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू ते.

आता भिंतीचं काम सुरू आहे. आणि तुझी वहिनी, जी पाच मिनिटांत फळाभर अक्षर काढते, ती इतकी सावकाश काढते आहे, की सांगता सोय नाही. पोरांना आधी रंग कालवायला शिकवलं, मग कुंचला धरायला, मग भिंतीचा पोत पाहायला. न झाला, तर त्याची उभी रेघ बरोबर नाही म्हणून पुसला. म च्या पोटात एका पोरानं वांगं काढलं, देठासकट, काट्यांसकट. ना च्या मागून पोळ्याचा बैल निघाला, पाठीत भाला नसलेला, झूल घातलेला. साहेब रोज गाडी थांबवून पाहतात आणि विचारतात, "अजून किती?" वहिनी म्हणते, "साहेब, नमुना हाय, घाईनं नाही होत." ते मान डोलावतात. त्यांचं चित्र सगळ्यात शेवटी आहे. पोरं म्हणतात, साहेबांचे डोळे कठीण आहेत, त्याला वर्ष लागेल. भिंत संपली की तास संपेल हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भिंत संपतच नाही. हेडसरांनी तर परवा मागच्या बाजूचीही भिंत दाखवली. त्यांना आता थोडं थोडं धैर्य यायला लागलं आहे, असं मला वाटतं.

राहता राहिली तुझी पेटी. तुझ्या ऑफिसात साहेबांसारखे कुणी असतील, त्यांना विचार, की आमच्या पोरींची भुलाबाई आम्हीच पाठवली, मग ती आम्हीच चोरू नये म्हणून तिच्या तोंडावर लिहायचं कारण काय? आणि नावं दिली होती, ती कुठं गेली? मी इथं नावं लिहिली नाहीत ती गावाच्या लाजेनं. तुमच्या पेटीला कसली लाज? त्या पोरी रोज शाळेत तो लॅपटॉप उघडून पाहतात, आज नाव आलं का म्हणून. एवढं तू कर. तुझ्यासाठी ते एक बटण असेल, त्यांच्यासाठी तसं नाही.

आणि दुसरं, तू ये. ती भुलाबाई आमच्या ओसरीवर मांडली आहे, संध्याकाळी पोरी येतात, गाणी होतात. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली बसवू आणि मग पाण्यात सोडू. त्यानंतर ती फक्त तुझ्या पेटीत राहील, अंगावर तिरपं लिहिलेलं घेऊन. त्याच्या आत ये, म्हणजे तुला तिचा चेहरा त्या अक्षराशिवाय दिसेल. सोनाळ्याच्या स्टॉपवर उतरलीस की फोन कर, दादा घ्यायला येईल. खाऊचा डबा मी झाकून ठेवते. आत काय आहे ते फोनवर सांगणार नाही, आणि लिंकवरूनही कळायचं नाही. वास घ्यायला तुला इथंच यावं लागेल.